नेसण आणि निष्ठा

वस्त्राचा आकार बदलला म्हणजे धर्माचा काही अंश उणा होतो काय, हा प्रश्न आपल्याकडे दर पिढीत नव्याने उपस्थित होतो, आणि दर पिढीला असेच वाटते की आपल्या वाडवडिलांपुढे तो कधी आलाच नव्हता. २०२३ साली नागपुरातील काही देवळांनी भाविकांसाठी वस्त्रसंहिता जारी केली. त्याच सुमारास तुळजापूरच्या देवळात तशा आशयाचे फलक लागले आणि लगोलग उतरवलेही गेले. पुढे २०२५ च्या जानेवारीत मुंबईच्या सिद्धिविनायक न्यासानेही तोकड्या कपड्यांस मज्जाव करणारा नियम जाहीर केला. या प्रत्येक प्रसंगी जो वाद झाला त्यात एक पक्ष म्हणत होता की वेश ही निव्वळ बाह्य बाब आहे, देवाला तिचे काय. आणि दुसरा पक्ष म्हणत होता की वेश गेला की आचार जातो आणि आचार गेला की धर्म जातो. मला हे दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. वस्त्र ही क्षुल्लक बाब असती तर माणसांनी तिच्यापायी इतके सोसले नसते. आणि वस्त्राचा आकार हाच धर्म असता तर तो आजवर कितीतरी वेळा बुडालेला असता.

प्रथम देवाकडेच पाहावे. पंढरपूरचा विठ्ठल पाषाणाचा आहे, आणि त्याच्या नित्योपचारात स्नानानंतर त्याला पोशाख चढवला जातो: धोतर, अंगी, शेला, मस्तकी पागोटे किंवा मुकुट. यातली अंगी हे शिवलेले वस्त्र आहे, आणि शिवलेले वस्त्र धर्मकृत्यास वर्ज्य मानणारी परंपरा ज्या समाजात नांदली त्याच समाजाने आपल्या लाडक्या दैवताला ती निःसंकोचपणे घातली. खंडोबाच्या घोडेस्वार मूर्ती आणि घरोघरच्या देव्हाऱ्यांतले त्याचे टाक पाहिले तर त्याचा थाट एखाद्या मराठा सरदाराचा आहे, तो कोण्या प्राचीन ऋषीचा नाही. कोल्हापूरच्या महालक्ष्मीला नऊवारी लुगडे नेसवतात, आणि नवरात्रात तिरुपती देवस्थानाकडून तिच्यासाठी शालू येतो. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला आणि त्यातून लक्ष्मी-सरस्वतीची जी चित्रे घरोघर पोहोचली, त्यांतल्या देवींच्या अंगावरची साडी चित्रकाराने आपल्या काळातल्या स्त्रियांच्या नेसणीवरून घेतली होती. आज अनेकांच्या देवघरात देवीचे जे रूप अनादि म्हणून पूजले जाते त्याचे वय सव्वाशे-दीडशे वर्षांच्या आतले आहे. यात कोणाचीही फसवणूक झालेली नाही. भक्ताने आपल्या काळात जे सुंदर, जे मानाचे वाटले ते देवाच्या अंगावर घातले. याहून स्वाभाविक दुसरे काय असणार?

तत्त्वाच्या बाजूने पाहू गेल्यास आपल्या सर्वांच्या परिचयाची एक गोष्ट येथे आठवते. आत्म्याचे नित्यत्व आणि देहाचे अनित्यत्व समजावून देताना भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायाने वस्त्राचाच दृष्टान्त योजला आहे. जुनी वस्त्रे टाकून माणसाने नवी घ्यावी तसा देही एक शरीर सोडून दुसरे धारण करतो, हा त्याचा आशय. गीताकाराने शोधून शोधून असा पदार्थ निवडला की ज्याचे बदलणे कोणालाही शोकाचे वाटणार नाही, आणि त्यावरून देहत्यागाचा शोक निवारला. म्हणजे वस्त्र हे बदलणाऱ्या वस्तूंत अग्रगण्य, हे त्या ग्रंथाने वादाचा विषय न मानता सर्वमान्य गृहीत म्हणून स्वीकारले आहे. वस्त्रपालटाने धर्महानी होते असे म्हणणाऱ्याने निदान गीतेचा आधार त्यासाठी मागू नये.

तरीही धर्मशास्त्राने वस्त्राविषयी पुष्कळ सांगितले आहे, आणि ते सगळे एका फटक्यासरशी मोडीत काढण्याइतका मी उतावळा नाही. धर्मकृत्याच्या वेळी वस्त्र धुतलेले असावे, शिवलेले नसावे, केवळ एकवस्त्राने कर्म करू नये, खांद्यावर उत्तरीय असावे, कासोटा सुटलेला नसावा, असे नियम स्मृतींपासून निबंधग्रंथांपर्यंत सर्वत्र आढळतात. जुन्या घरांतून या नियमांचे पालन कसे होई हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना माजघरातली ती उंच टांगलेली वलणी आठवेल. धुतलेले सोवळे काठीच्या टोकावर घेऊन तिच्यावर वाळत घालायचे, काठीनेच खाली उतरवायचे, आणि मधल्या वेळात त्याला कोणाचा हात लागू द्यायचा नाही. लागलाच तर पुन्हा धुवायचे. रोजच्या रोज सुती वस्त्र ज्याला जमत नसे त्याच्यासाठी रेशमी कद, मुकटा किंवा लोकरीची धाबळी अशा सवलतीही रूढ होत्या. या सगळ्या खटाटोपाचा चांगला अर्थ मला असा दिसतो की दिवसाच्या सामान्य व्यवहारातून पूजेच्या आसनावर येताना माणसाने एक उंबरठा ओलांडावा, आणि तो ओलांडल्याची जाणीव त्याच्या देहाला व्हावी. मन क्षणात शांत होत नाही. वस्त्र पालटण्यास जी पाच-दहा मिनिटे लागतात तेवढ्यात ते थोडे वळणावर येते. हा लाभ खरा आहे.

परंतु त्याच वलणीखाली दुसरीही एक गोष्ट घडत होती. त्या सोवळ्याला कोणाचा स्पर्श चालत नव्हता? घरातल्या विटाळशीचा, दारातल्या कुणब्याचा, आणि अस्पृश्य गणलेल्याची तर सावलीही नाही. पूजकाने स्वतःवर घातलेला निर्बंध त्याच्या नकळत दुसऱ्याच्या अपमानाचे साधन झाला. एकाच वस्त्रात व्रत आणि बहिष्कार हे दोन्ही राहत होते, आणि परंपरेच्या रक्षणाची भाषा बोलताना आपण त्यांपैकी नेमके कशाचे रक्षण करू पाहत आहोत हे प्रत्येकाने स्वतःला विचारले पाहिजे.

शास्त्र म्हणून जे सांगितले जाते त्यात देशाचाराचा भाग किती असतो, याचे एक उदाहरण स्त्रियांच्या नेसणीतच आहे. महाराष्ट्रात कासोटा घातल्याशिवाय सवाष्णीचे नेसणे पुरे होत नसे. तमिळ ब्राह्मण स्त्रियाही मंगलकार्यात नऊवारीला काष्टा घालून मडिसार नेसतात. पण बंगालात आणि गुजरातेत तोच धर्म, तेच ग्रंथ, तीच व्रते असूनही स्त्रियांच्या नेसणीत कासोटा नाही, आणि तेवढ्यावरून तिथली स्त्री अधर्मी ठरली असे कोणी म्हटलेले नाही. आपल्याकडे मात्र कासोट्याविना गोल पातळ जेव्हा आले तेव्हा जुन्या बायकांनी त्याला नाके मुरडली. आज तेच पाचवारी पातळ पारंपरिक वेश म्हणून देवळांच्या फलकांवर मान्यता पावते! शिवाय परकर आणि झंपर यांसह नेसलेली ही साडी आपण समजतो तितकी जुनीही नाही. सत्येंद्रनाथ ठाकुरांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी १८६० नंतरच्या काळात पतीसमवेत मुंबई इलाख्यात राहिल्या, येथे त्यांनी पारशी स्त्रियांची नेसण पाहिली, तिच्यात फेरफार करून ती आपलीशी केली आणि बंगालात नेली. तिथे तिला मुंबईचा दस्तूर असेच नाव पडले. सुशिक्षित भारतीय स्त्रीचा जो सार्वदेशिक वेश पुढे रूढ झाला त्याच्या घडणीत मुंबईच्या या मुक्कामाचा वाटा मोठा आहे.

आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण मला याहूनही उद्बोधक वाटते. १८८३ साली अमेरिकेस जाण्यापूर्वी बंगालातल्या श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले होते की आपण हिंदू म्हणून जाऊ, हिंदू म्हणूनच परत येऊ, आणि आपल्या अन्नात, वेशात, रीतिरिवाजांत बदल करणार नाही. अठरा वर्षांच्या मुलीने जहाजावर पतीविना पाऊल ठेवण्याआधी केलेली ही प्रतिज्ञा होती. पण पेनसिल्व्हानियाचा हिवाळा नऊवारी नेसणीला मानवणारा नव्हता. पोटऱ्या उघड्या राहत. आणि त्यांनी लुगडे गुजराती पद्धतीने नेसण्यास आरंभ केला. प्रतिज्ञा मोडली काय? ज्यांना नेसणीतच निष्ठा दिसते ते म्हणतील, मोडली. मला वाटते ती पाळली गेली, आणि ती समजून पाळली गेली. लुगडे सोडून झगा घालणे त्यांना त्या मुलखात सर्वांत सोयीचे होते. ते त्यांनी केले नाही. आपले काय टिकवायचे आणि त्यासाठी कशाला मुरड घालायची याचा निवाडा त्यांनी स्वतः केला, दुसऱ्या कोणाच्या फर्मानाने नव्हे. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या, आणि पुढच्याच वर्षी पुण्यात निवर्तल्या.

निवाडा स्वतः करणे, या तीन शब्दांशी मी येऊन थांबतो, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मर्म तेथे आहे. महाराष्ट्रातल्या ब्राह्मण घरांत विधवेच्या वाट्याला लाल अलवण येत असे. चोळी नाही, काठ नाही, कपाळ मोकळे, केस काढलेले, आणि पदर सदैव डोक्यावरून पुढे ओढलेला. बंगालात तेच वैधव्य पांढऱ्या थानात गुंडाळले जाई. म्हणजे दुःखाचा रंगसुद्धा शास्त्राने नव्हे तर प्रांताने ठरवला होता. हा वेश पारंपरिक होता, निखालस पारंपरिक. पिढ्यान् पिढ्या चालत आलेला, धर्माच्या नावाने सांगितलेला, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांत तेल घालून राखलेला. तरी आज परंपरागत वेशाच्या स्पर्धा, मिरवणुका आणि प्रदर्शने यांत अलवण मांडावे असे कोणाला सुचत नाही. महर्षी कर्वे यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला तो अशाच एका बालविधवेशी, आणि त्यानंतर स्वतःच्या मुरूड गावी त्यांच्यावर बहिष्कार पडला. ज्या वस्त्रातून बाहेर पडण्यास एवढे मोल द्यावे लागले त्या वस्त्रात धर्म होता असे म्हणण्याचे धाडस मला तरी होत नाही.

महाडचा वृत्तान्त तर प्रत्येक मराठी माणसाने मनाशी बाळगावा असा आहे. १९२७ च्या डिसेंबरात तिथे सत्याग्रह परिषद भरली होती, २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले होते, आणि त्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या अस्पृश्य स्त्रियांना उद्देशून भाषण केले. पाणवठा, शिक्षण, मानापमान यांबरोबर ते बोलले लुगड्याविषयी. गुडघ्यापर्यंत वर घेऊन नेसलेले लुगडे, हातांत कोपरापर्यंत चढवलेली कथलाच्या नाहीतर चांदीच्या गोठ-पाटल्यांची ओझी, गळ्यातल्या गळसऱ्या: या सगळ्यांवरून ही बाई कोणत्या वस्तीतली हे शंभर पावलांवरून ओळखू येई, आणि ओळखू यावे यासाठीच ते तसे राहिले होते. लुगडे फाटके असले तरी चालेल पण स्वच्छ असावे, आणि इतर स्त्रिया नेसतात तसे ते घोट्यापर्यंत नेसावे, असा त्यांच्या उपदेशाचा आशय होता. स्त्रियांनी तो तिथल्या तिथे अमलात आणला. परिषदेहून घरी परततानाच कित्येकजणींचे नेसणे बदललेले होते.

उच्चवर्णीयांच्या अनुकरणाचा हा उपदेश होता, असा आक्षेप कोणी घेईल. मला तो पटत नाही. त्या स्त्रियांना दुसऱ्या कोणासारखे दिसायचे नव्हते. आपल्या अंगावर लिहिलेला दुसऱ्याचा हुकूम पुसायचा होता. कापड तेच, वार तेवढेच, विणकरही तोच. एक वीत खाली सोडलेल्या काठाने एवढा फरक केला. नेसणीतल्या इतक्या लहानशा पालटात इतके मोठे धर्मकार्य सामावल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. आणि पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षेच्या वेळी लाखो माणसे शुभ्र वस्त्रे लेऊन आली, तेव्हा त्याच समाजाने आपण होऊन निवडलेला एक पवित्र वेश एका दिवसात निर्माण झाला. त्याला हजार वर्षांची परंपरा नव्हती. पण आज विजयादशमीला दीक्षाभूमीवर येणाऱ्या एखाद्या म्हातारीच्या अंगावरची पांढरी साडी जुन्या पैठणीपेक्षा कमी पवित्र आहे असे कोण म्हणेल?

तेव्हा माझे म्हणणे एवढेच आहे की जे वस्त्र माणूस जाणून आणि स्वेच्छेने अंगावर घेतो त्यात धर्म येऊ शकतो, आणि जे त्याच्यावर घातले जाते त्यात, ते कितीही पुरातन असो, येऊ शकत नाही. तुकोबांनी भगव्या वस्त्राआड लपलेल्या दंभावर कठोर प्रहार केले आणि गाडगेबाबांनी आयुष्यभर चिंध्यांचा अंगरखा पांघरला. दोघांनाही वस्त्राचे बळ ठाऊक होते, म्हणूनच त्याच्या अंतरंगात काय आहे याची त्यांनी इतकी कडक झडती घेतली.

आता आजच्या काळाकडे येऊ. नव्या वर्षाच्या शोभायात्रांत, गणपतीच्या मिरवणुकीत, लग्नाच्या मांडवात नऊवारी पुन्हा दिसू लागली आहे. पण ती बहुधा शिवलेली असते. निऱ्या आधीच टाचलेल्या, कासोटा जागच्या जागी शिवून टाकलेला, त्यात पाय घालून कमरेचा बंद आवळला की काम झाले. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर मुलांसाठी आणि पुरुषांसाठी तसेच तयार सोवळेही मिळते. जोडीला डोक्यावर फेटा असतो, जो कालपर्यंत केवळ पुरुषांचा होता, आणि आज तो घातलेल्या मुलीला कोणी हटकत नाही, हे मला मनापासून आवडते. शिवलेल्या नऊवारीवर मात्र दोन बाजूंनी टीका होते: काहीजण तिला भ्रष्ट म्हणतात, काहीजण नाटकी. मी यांपैकी काहीही म्हणणार नाही, कारण ती घालणाऱ्या मुलीवर कोणाची सक्ती नाही आणि तिच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा आहे. पण या पालटात काय हातचे जाते ते सांगितले पाहिजे, नाहीतर आपण आपल्याशीच अप्रामाणिक ठरू.

नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपासचे कापड. ते नेसताना कमरेशी पहिली गाठ पक्की बसावी लागते, कारण पुढचा सगळा भार तिच्यावर असतो. आत परकर नाही, नाडी नाही, टाचणी नाही. मग निऱ्या बोटांवर घेत घेत सारख्या करायच्या, ओचा खोवायचा, आणि दोन्ही पायांमधून मागे नेलेला भाग काठाला काठ जुळवून कमरेत असा बसवायचा की बाईला मांडी घालता यावी, विहिरीचे पाणी शेंदता यावे, भातखाचरात वाकता यावे. कोळणीचे नेसणे वेगळे, शेतकरणीचे वेगळे, ब्राह्मणीचे वेगळे; तेच सलग कापड प्रत्येकीच्या कामाप्रमाणे आणि बांध्याप्रमाणे आकार घेई. हे पुस्तकात वाचून येत नाही. आई किंवा सासू मागे उभी राहते, कासोटा एकदा सोडवते, पुन्हा बसवते, आणि तिसऱ्यांदा तो मुलीच्या हाताला कळतो. शिवलेल्या नऊवारीत रूप राहिले, पण ही विद्या शिंप्याच्या यंत्राकडे गेली. उलट आपल्या आज्यांनी नऊवारी सोडून पाचवारी धरली तेव्हा रूप बदलले, पण नेसण्याची विद्या हातातच राहिली. या दोन पालटांपैकी परंपरेशी अधिक इमान कोणी राखले? माझे उत्तर आज्यांच्या बाजूचे आहे, जरी त्यांच्या काळात त्यांनाच बिघडलेल्या म्हटले गेले.

धर्मविधी स्वतः मात्र या सगळ्यात आश्चर्य वाटावे इतक्या समजूतदारपणे वागत आला आहे. ओटी भरायची ती पदरात, असा आपला शिरस्ता. तांदूळ, खण, नारळ, हळकुंड, सुपारी हे सगळे सवाष्णीच्या पदरात पडायचे. आता नवरात्रात किंवा हळदीकुंकवाला एखादी मुलगी सलवार-कमीज घालून येते, यजमानीण क्षणभर थांबते, आणि मुलगी आपली ओढणी दोन्ही हातांनी पुढे धरते. तीही नसली तर घरातला धुतलेला पंचा पुढे केला जातो. ओटी भरली जाते, कुंकू लागते, दोघीही वाकून नमस्कार करतात. कुठल्याही धर्मसभेने यासाठी ठराव केला नाही, कोणत्याही शास्त्र्याने व्यवस्थापत्र दिले नाही. घरोघरच्या बायकांनी हा निर्णय आपापल्या माजघरांत घेतला, आणि तो बिनचूक होता, असे मला वाटते.

देवस्थानांच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे की स्वच्छतेची आणि शालीनतेची अपेक्षा त्यांनी अवश्य ठेवावी, स्त्री-पुरुष दोघांकडून सारखीच ठेवावी, पण त्यासाठी सनातन वेशाचा दाखला देऊ नये, आणि दूरवरून दर्शनाला आलेल्या कोणाला अंगावरच्या कपड्यावरून दारातून परत धाडू नये. फार तर एक उपरणे पुढे करावे. आणि ज्या घरांत अजून कोणी वृद्ध स्त्री हाताने नऊवारी नेसते आहे, त्या घरांतल्या मुलींनी, सुनांनी आणि शेजारपाजारच्या कोणत्याही जातीच्या मुलींनी एखाद्या सणाला तिच्याकडे जाऊन नेसण शिकून घ्यावी. पुढे ती रोज नेसायची, सणासुदीला नेसायची की मुळीच नेसायची नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे.